ओंजळीची टाळी

माझी आई पहाटे माझ्या आजीच्या दाराशी गुडघे टेकून बसायची आणि दोन्ही तळहातांची ओंजळ करून हलकेच टाळी द्यायची. पुप्, पुप्, पुप्. पारव्यानं पंख झटकावेत तसा तो आवाज. आज सकाळी सदऱ्याची बटणं लावताना तोच कानात वाजत होता, म्हणून आधी तो सांगून टाकला. रीत चुकली. आता रीतीवर येतो.

समारंभाचे अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे माननीय म्वालेसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले साखर कंपनीचे परदेशी पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण बोमाच्या, आपल्या जिल्हा कचेरीच्या, या सभागृहात जमलो ते जिल्हाधिकारी लिंबिकानी कचिंग्वेसाहेब. आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पाहुण्यांना आपली भाषा येत नाही. दुभाष्याचं काम जिल्हाधिकारी जातीनं करताहेत. कष्टाळू माणूस! साहेब, मी बोलतोय ते सगळं सांगताय ना त्यांना? ते हसताहेत, म्हणून विचारलं.

कचिंग्वेसाहेब माझे विद्यार्थी. तेव्हाचा आमचा लिंबि. खिडकीपाशी बसायचा. दुष्काळाच्या वर्षी मुलं उपाशीपोटी वर्गात पेंगायची, तेव्हा मी त्यांना एक कविता करून दिली होती:

सुकली नदी, सुकले रान,
दांबो आमची ओली छान.

याहून बरी कविता मला पुढेही जमली नाही. पण लिंबि ती म्हणू लागला की मागच्या बाकांवरची मुलंही मान वर करायची. कारण सगळ्यांची घरं दांबोवर, त्या दलदलीच्या जमिनीवरच जगली होती. पाऊस गेला, टेकड्यांवरचा मका संपला, तरी दांबोत हिरवी कणसं असायची, भोपळ्याचा पाला असायचा. त्या वर्षी लिंबिच्या ताटात न्सिमाचा गोळा पडला तो चिम्वाला गावच्या दांबोतल्या मक्याचा. साहेब, आठवतंय? खाली बघू नका, पाहुण्यांना वाटेल मी काहीतरी वाईट बोलतोय.

आता भाषणं आटोपली की साहेब अखेरची सही करतील आणि तीच दांबो उसासाठी कंपनीकडे जाईल. चिम्वाल्याच्या बायकांनी संमती दिली आहे म्हणे. 'टाळ्यांच्या गजरात', असं साहेबांनीच रेडिओवर सांगितलं.

गजर! मी होतो तिथं. गावप्रमुख नाम्बेवे आजी चटईवर बसल्या होत्या, मागे बायका. साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले आणि रोजगार, निर्यात, रस्ता, दवाखाना असं छान बोलले. बोलणं संपल्यावर नाम्बेवे आजींनी ओंजळीची टाळी दिली. मागच्या बायकांनीही दिली. पाहुण्यांनी साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांनी मान डोलावली. पाहुण्यांनी खुशीत आपल्या सपाट हातांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, तेव्हा चटईवरची तान्ही मुलं दचकून रडायला लागली.

गाडी गेल्यावर मी आजींना विचारलं, "काय ठरवलंत?"

"एवढ्यात कसलं ठरवणं?" त्या म्हणाल्या. "पोरगं घसा कोरडा करून बोललं. ऐकलं म्हणायला नको? उद्या उत्तर देऊ."

मागून एक बाई म्हणाली, "आणि टाळी दिली नसती तर म्हणाला असता, चिम्वाल्याच्या बायका अडाणी!"

सभागृहातल्या लोकांनो, इथं कोणाला सांगायला हवं का, की आपली टाळी म्हणजे 'ऐकलं'? 'मानलं' नव्हे. आपण पाहुण्याला टाळी देतो, पाणी देणाऱ्याला देतो, अंत्ययात्रेतही देतो. पाहुण्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना माफ. पण साहेब, तुमची आई माझ्या आईशेजारी गुडघे टेकून बसायची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

दुसऱ्या दिवशी आजी उत्तर घेऊन या कचेरीत आल्या. शिपाई म्हणाला, "साहेब दौऱ्यावर आहेत." पुन्हा आल्या. "मीटिंग आहे." पुन्हा आल्या. "अहो आजी, तुमचं उत्तर रेडिओवर ऐकलं की आम्ही!" त्यानंतर, मला सांगतात, त्यांनी अंथरूण धरलं.

कोण म्हणालं 'सर, आवरा'? अध्यक्ष, आपण? आवरतो. निरोपाचं भाषण आहे, गुण सांगायलाच हवेत. साहेबांना बढती मिळाली. आता राजधानीत, लिलाँग्वेत बसून ते साऱ्या देशाच्या जमिनींचं बघणार. गावोगाव टाळ्या ऐकणार. आपल्याला जग 'विकसनशील' म्हणतं. जन्मभर मुलांना शब्द फोडायला शिकवले, पण या शब्दात आधी 'विक' येतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. आणि विकायला लंडनहून माणूस यावा लागत नाही. आपल्याच वर्गातला, गोड आवाजाचा मुलगा पुरतो. आपली पोरं दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जातात, त्यांना आपण अश्रूंनी निरोप देतो. यांना हारांनी.

साहेब, तुमचा आवाज अजून गोड आहे. एवढंच म्हणेन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. चहा करणाऱ्या बायकांचे आभार. पाहुण्यांनी न समजता इतका वेळ स्मित केलं, त्यांचेही. म्हाताऱ्याच्या तोंडून जे अधिकउणं गेलं असेल ते पोटात घाला. आणि कृपा करून माझ्या भाषणाला टाळ्या वाजवू नका. काय अर्थ लावला जाईल, सांगता येत नाही.

आता सहीचा...

मागचं दार कोणी उघडलं? ऊन डोळ्यांवर येतंय. कोण ते? जरा वाट द्या, त्यांना धरा कोणीतरी...

नाम्बेवे आजी! तुम्ही? अंथरुणातून? पायांना दांबोचा चिखल तसाच!

बघा, सगळं सभागृह गुडघ्यांवर आलं. पुप्, पुप्, पुप्. माझ्या आईचा आवाज. आणि व्यासपीठावरही? लिंबि, तूही? पेन खाली ठेवून?

थांब बाळा, ती ओंजळ सोडू नकोस. पाहुणे तुझ्याकडे बघताहेत. त्यांना सांग, आत्ता तू टाळी दिलीस, ती कशाला होकार म्हणून?