शेवटी ‘अल’ लागलेला शब्द

माझं इंग्रजी किती ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण ‘रीनल’ म्हणजे किडनीचं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. ही शेजारच्या शिंदे भाऊजींची कृपा. त्यांची वैशू नर्सिंगला. भाऊजी रोज संध्याकाळी ओट्यावर पुस्तक धरून तिच्या ए टू झेड डॉक्टरी शब्दांची उजळणी घ्यायचे आणि मी चहाचा कप घेऊन तिथं हजर. एकदा वैशूनं सांगितलं, “पप्पा, पैठणला ई लावली की पैठणी होते ना? तसं लॅटिनमध्ये शेवटी अल लावतात, की झालं ‘त्याचं’.”

पुढं भाऊजींच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. घरात ठरलं, त्यांना कावीळच सांगायची. दवाखान्यात मीही सोबत गेले. डॉक्टर त्यांच्यादेखत वैशूशी इंग्रजीत बोलले. त्यात ‘टर्मिनल’ आलं आणि पोरीचा चेहरा उतरला.

भाऊजींनी विचारलं, “टर्मिनल म्हणजे कशाचं गं?”

ती फाईल चाळायला लागली. मग मीच म्हटलं, “अहो, टर्मिनल म्हणजे बसस्टँड. गाड्या लागतात तिथं.”

वैशू औषधं आणायला गेली, तसे ते हळूच म्हणाले, “वहिनी, टर्मिनस म्हणजे शेवटचं स्टेशन. त्याला अल लावलं की शेवटाचं. मी काय नुसता पुस्तक धरून बसत होतो व्हय? पण मला कळलंय हे तिला सांगू नका. परीक्षा हाय तिची.”

त्या संध्याकाळीही त्यांनी उजळणी घेतली. ‘टी’ची पानं आली तसं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “ही येतात तुला. राहू दे.”