घोंगडीतला नाताळ

हसू नका, पण एका साली आमच्याकडे नाताळ घोंगडी पांघरून आला होता. मी ख्रिस्ती झाल्यापासून आई-आप्पा वेळापूरहून सोलापूरला फिरकलेच नव्हते. त्या दिवशी कागदी चांदणी टांगताना बायको आमच्या दोन वर्षांच्या लेकीला म्हणाली, "नाताळ आला बघ!" पोरीनं वळून पाहिलं, तर दारात घोंगडी पांघरलेले आप्पा आणि मागं आई. झालं! आप्पांचं नावच नाताळ पडलं.

"अगं, मी मेंढरं राखनारा गडी, नाताळ कसला?" आप्पा कुरकुरायचे, पण तिनं हाक मारली की ओ द्यायचे.

ते गावी गेल्यावर पोर रोज दारात बसून विचारायची, "नाताळ कुटं गेला?" शेवटी मी कार्ड टाकलं. आठवड्यात आप्पांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं उत्तर आलं, "पोरीला म्हनावं, नाताळ संक्रांतीलाच येतोय."