तोंड दाखवून कुवेतला

मी मुर्ध्याची. माहेर मुर्धा आणि सासरही मुर्धाच, खाडीच्या या टोकाची पोरगी त्या टोकाला दिली, एवढाच खरं तर माझा जन्माचा प्रवास व्हायचा होता. बाबाची लहान होडी, आई डोक्यावर पाटी घेऊन भाईंदरच्या बाजाराला जायची, आजूबाजूला मिठागरं, उन्हाळ्यात डोळे उघडवत नसत इतकी पांढरी. आता लोक विचारतात, हिराबाई, तुम्ही कुवेतला कशा गेलात, तुम्हाला तर सहीसुद्धा येत नाही. काय सांगू तुम्हाला, मी या तोंडावर गेले. हे बघताय ना, हेच तोंड. संकोचू नका, नीट बघा, मला सवय आहे.

मी पाच-सहा वर्षांची असेन तेव्हा देवी आली. आम्ही आजार म्हणत नाही, देवी आली म्हणतो, कारण ती पाहुणी. ती घरात असली की फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, दाराला कडुलिंब बांधायचा आणि कुणी मोठ्याने बोलायचं नाही. माझ्यावर आली आणि माझ्या धाकट्या भावावर आली. त्याला ती घेऊन गेली. मला ठेवलं, आणि ठेवताना तोंडभर बोटं उमटवून गेली. आईने देवळात जाऊन तिला शब्द दिला, हिला तू ठेवलीस, ही तुझी हाय, हिच्या अंगाला कुणाची सुई लागणार न्हाय. पुढे गावात टोचायला सरकारी माणूस यायचा, पोरं चिंचेमागे लपायची, मी आपली ओट्यावर बसून राहायचे. तो माझ्याकडे बघायचा आणि पुढे जायचा. या तोंडाचा फायदा म्हणाल तर तेवढाच. बाकी सगळीकडे तोटा.

लग्नाचंच ऐका. आमच्यात मुलाकडचे देज देतात, मुलीचं मोल. बोलणी करायला माझा नारायणमामा, आईचा सख्खा भाऊ. मुंबईला गोदीत कारकून, चार इंग्रजी शब्द यायचे, पायात बूट, म्हणून घरात त्याचाच शब्द चालायचा. मी दाराआड उभी. माझा होणारा सासरा म्हणाला, पोरगी कामाची हाय, पण तोंड तर बघा, काहीतरी कमी करा. आणि माझा मामा, एक शब्द न भांडता म्हणाला, करू ना. शिळ्या मासळीला गिऱ्हाईक कमी मागतं आणि देणारी मान हलवते, तसं. मी त्याच दिवशी ठरवलं की यापुढे माझा भाव मी करीन. आणि केला. नवरा चांगला मिळाला, शांत, पण छातीने अधू, होडीवर जाईना. मी पाटी उचलली, मग बाजारात ओटा धरला, मग भाईंदरला सुक्या मासळीचं स्वतःचं दुकान. बोंबील, जवळा, वाकट्या. गुजराती शेठ असो नाहीतर उत्तरेचा भय्या, माझ्याशी भाव करून कुणी हसत गेला नाही. लोक म्हणायचे, हिराची जीभ म्हणजे कोयता. असू दे. कोयत्याशिवाय मासा कापला जात नाही.

एकच लेक मला, शेवंती. तिचं तोंड मात्र स्वच्छ, नारळाच्या पाण्यासारखं. जावई वेल्डर, कुवेतला कामाला गेला आणि वर्षभराने तिलाही घेऊन गेला. तिची पहिली दोन बाळं इथेच गेली होती, दोन्ही पाचवीच्या आत. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, त्या दिवशी पाटा पुजायचा असतो, घरातल्या बाईने बाळाजवळ जागं बसायचं असतं. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि तिने निरोप धाडला, आई, यावेळी पाचवीला तू बस, तू बसलीस तर हे राहील. झालं. मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि मामाला म्हटलं, मामा, मला कुवेतला जायचंय.

मामा हसला. म्हणाला, कुवेत म्हणजे काय शेजारचं राई गाव हाय, की उठली आणि चालली? मग त्याने सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकतच राहिले. आपल्या सरकारचा पासपोर्ट हवा, की ही बाई आमची आहे. तिथल्या सरकारचा व्हिसा हवा, की या बाईला आत यायला हरकत नाही. तो मिळायला जावयाच्या मालकाने लिहून द्यायला हवं, की हिचं खाणंपिणं हे लोक बघतील. जाण्यायेण्याचं तिकीट हवं, की ही परत जाईल. आणि देवीची सुई टोचल्याचा पिवळा दाखला हवा. खरं सांगते, मला राग आला नाही, नवल वाटलं. आमची होडी खाडीतून बाहेर पडली की समोर नुसतं पाणी, त्याला ना दार ना कुंपण. आणि त्याच पाण्याच्या पलीकडे कुणीतरी बसलंय, ज्याला मुर्ध्याची हिरा कोण, कशाला येते, कधी जाणार, हे सगळं आधी माहीत पाहिजे. आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे माझी देवी. इतका मोठा देश, जमिनीतून तेल निघतं म्हणतात, आणि तोही हिला घाबरून दाराशी माणूस बसवतो.

सुईचं मी मामाला साफ सांगितलं, सुई नाही. आईचा शब्द आहे. मामा म्हणाला, अगं येडे, दाखल्यावर डॉक्टरची सही लागते. मी म्हटलं, माझ्या तोंडावर देवीची सही हाय, तिच्यावर तुझा कोणता डॉक्टर? मामाने कपाळाला हात लावला. म्हणाला, बघू, गोदीत माझी ओळख हाय.

मग फोटो. मामा मला मुंबईला एका स्टुडिओत घेऊन गेला, माझ्या डोळ्यांवर ते दिवे, मी घामाघूम. मामा आत जाऊन त्या फोटोवाल्याशी कुजबुजला. चार दिवसांनी फोटो आणले. मी बघितले. एक डाग नाही, एक खड्डा नाही. त्या फोटोवाल्याने बारीक पेन्सिल घेऊन फोटोच्या काचेवर एकेक वण भरून काढला होता. मी नवऱ्याला दाखवला, तो फोटो उजेडात धरून म्हणाला, ही कोण? मामा छाती काढून म्हणाला, सरकारी कागदावर चांगलं तोंड जायला नको? परके लोक बघणार. आणि अर्जात ओळखीची खूण विचारतात, तिथेही त्याने लिहवून घेतलं, उजव्या हातावर गोंदण. तोंडाचं नाव नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी तो फोटो पदरात बांधून दोन दिवस फिरले. देवी आली नसती तर मी अशी दिसले असते, हे मला त्या वयात कळलं.

बोटीचा दिवस आला. धक्क्यावर ती बोट उभी, आमच्या गावातली सगळी घरं एकावर एक रचली तरी तिच्या वरच्या कठड्याला लागली नसती. मी लोखंडाला हात लावून नमस्कार केला. सोबत जवळा, बोंबील, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. आधी डॉक्टरचं टेबल. म्हातारे पारशी डॉक्टर, जाड चष्मा. पिवळा दाखला मागितला. मामा पुढे होऊन साहेब साहेब करायला लागला, मी त्याला बाजूला केलं आणि पदर मागे घेऊन म्हटलं, डॉक्टरसाब, मेरे को देवी आके गयी, सुई नहीं ली, नहीं लूंगी, आप मेरा मुँह देखो. भांडायच्या तयारीनेच गेले होते. डॉक्टर उठले. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं, अंगठ्याने गालावरचे वण चाचपले, कपाळ बघितलं, हात बघितले. मग म्हणाले, बाई, तुला दाखला लागत नाही. जगभरच्या नियमांतच लिहिलंय, ज्याच्या अंगावर देवी येऊन गेल्याची खूण दिसते, त्याला सुईची सक्ती नाही, तो पुन्हा रोग नेत नाही. आणि त्यांनी एका कागदावर तसं लिहून सही केली.

काय सांगू तुम्हाला. माझ्यासाठी नियमात ओळ होती. ज्या तोंडावर सासऱ्याने कमी मागितलं, ज्याला बाजारात बायका हाक मारायच्या ती वणवाली, त्या तोंडासाठी जगातल्या मोठ्या मोठ्या लोकांनी कुठेतरी बसून लिहून ठेवलं होतं की हिला जाऊ द्या. मी मामाकडे बघितलं. मामा दुसरीकडे बघत होता.

कारण पुढचं टेबल त्याला दिसत होतं. तिथे पासपोर्ट बघणारा साहेब, तरुण, चिडका. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. ये किसका है? मी म्हटलं, मेरा. म्हणाला, आपकी बेटी का होगा. मी म्हटलं, बेटी तो कुवेत में है, उसके पास ही जाती हूँ. त्याने डॉक्टरचा कागद वाचला, म्हणाला, यात तोंडभर देवीचे वण लिहिलेत, फोटोत एक नाही, ओळखीच्या खुणेतही नाही. हातावरचं गोंदण दाखवलं तर म्हणाला, ऐसा गोंदण तुम्हारे गाँव में हर औरत का होगा. खोटं नव्हतं ते. पारशी डॉक्टर स्वतः उठून आले, भांडले माझ्यासाठी. साहेब काय म्हणाला ऐका, ही फोटोतली बाई जाऊ शकते पण तिला सुईचा दाखला पाहिजे, आणि ही समोरची बाई, हिला दाखला नको पण हिच्याकडे पासपोर्ट नाही. मी ओरडले, हातपाय आपटले, बोंबलाची गाठोडी टेबलावर उलटी केली, ये सब मेरा है तो मैं कौन? पण तिथे भाव होत नाही. आयुष्यात ती एकच जागा मी बघितली जिथे भाव होत नाही. बोटीचा भोंगा वाजला आणि ती गेली.

मी धक्क्यावरच मामाला म्हटलं, मामा, दोनदा तू माझं तोंड विकलंस. एकदा कमी भावात आणि एकदा खोटं चढवून. तो म्हणाला, मी तुझं चांगलंच केलं. अजून तेच म्हणतो.

नवीन फोटो काढला, पेन्सिल न लावता. त्या फोटोवाल्याला मी समोर उभी राहून सांगितलं, एक खड्डा जरी बुजवलास तर बघ. अर्जात मोठ्याने लिहवलं, तोंडभर देवीचे वण. पण कागद फिरायला वेळ लागतो, मी मुंबईला कचेरीत खेपा घालत राहिले, आणि मधेच तार आली. मुलगी झाली. पाचवी होऊन गेली होती.

नवा पासपोर्ट घेऊन मी पोचले तेव्हा उन्हाने समुद्र तापला होता. कुवेतच्या धक्क्यावर पांढरा झगा घातलेला म्हातारा अधिकारी कागद बघत होता. माझी पाळी आली. त्याने डॉक्टरचा कागद घेतला, वाचला, वर बघितलं, आणि मी बघितलं तर त्याच्याही तोंडावर वण. माझ्यासारखेच, दाट, गालावर आणि नाकावर. त्याची भाषा मला नाही, माझी त्याला नाही. त्याने स्वतःच्या गालाला बोट लावलं, मग माझ्या तोंडाकडे दाखवलं, मग हात छातीवर ठेवला. आणि शिक्का मारला.  तिकडेही देवी गेली होती तर. तिने कुणाकडे व्हिसा मागितला नव्हता. दोन भावंडं एका धक्क्यावर भेटावी तसं झालं मला.

शेवंतीने दार उघडलं. म्हणाली, आई, उशीर केलास. एवढंच. बाळ राहिलं होतं. पाचवीला शेजारची केरळची नर्स बसली होती जागी, तिला सटवाई माहीत नाही, पाटा माहीत नाही, शेवंती रडत होती म्हणून बसली. मी त्या नर्सच्या पाया पडले. पण माझी जागा होती ती. माझ्या लेकीने मला एकच मागितलं होतं, आणि मी तेव्हा मुंबईला कचेरीच्या बाकावर बसून कागदाची वाट बघत होते. हे माझ्या मनातून जात नाही. मामा आता थकलाय, काठी टेकत येतो. मी पाणी देते. चहा देत नाही.

मधे आरोग्य खात्याची पोरं घरोघर फिरायची, हातात देवी आलेल्या बाळाचा फोटो, असं कुणी दिसलं का, विचारायची. मी म्हणायचे, फोटो कशाला मिरवता, मला घेऊन फिरा. आता येत नाहीत. म्हणतात, देवी देशातून गेली, कायमची. गावात माझ्या तोंडाचं नवीन माणूस होणार नाही. बरं झालं, कुणाचा भाऊ जाणार नाही. पण जिने एवढी राज्यं दाराशी उभी ठेवली, ती अशी गुपचूप निघून गेली, याचं मला रात्रंदिवस नवल वाटतं.

नात येते सुट्टीला. तिच्या दंडावर सुईचा एकच गोल वण, रुपयाएवढा. माझ्या गालावर बोट फिरवते, विचारते, आजी, दुखतं का? मी म्हणते, न्हाय गं, हा माझा दाखला.

तो पेन्सिलवाला फोटो मामाने फ्रेम करून आपल्या घरी लावलाय. लावू दे. मी शेवंतीला सांगून ठेवलंय, मी गेल्यावर हार घालायचा तो दुसऱ्या फोटोला, वणवाल्या. वरच्या दारावर कोण बसलंय ते मला ठाऊक आहे, देवीने मला बघताच ओळखायला हवं. तुम्हीही सुखी राहा बाई, आणि हे छापाल तेव्हा तोंडाचं जसं आहे तसंच लिहा.