सत्तर-शून्यानंतरचे तीन आठवडे

—नाही, तो कागद तिथे नको, बंधू कॉफमन, पीठ लागेल. इकडे कोरड्या बाकावर ठेवा, आणि बसा तुम्हीही. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही. हातातलं काम मात्र मी थांबवणार नाही, आधीच सांगते — आज गुरुवार, सहाच्या ठोक्याला फुटबॉलची त्रेपन्न पोरं चर्चच्या या तळघरात जेवायला उतरतील, आणि एकेक पोरगा पाच-पाच पाव खातो. तुमचं कॉलेजचं विश्वस्त मंडळ कोचला ठेवो की काढो, भूक काही तुमच्या ठरावाची वाट पाहत नाही. तर विचारा. काय म्हणालात — कोच प्रुइटनी या तीन आठवड्यांत संघाची काय उभारणी केली? हे मला विचारता? मला, सेल्मा श्रागला, जिला आयुष्यात एकदाही मैदानावरचा तो अंडाकृती चेंडू हातात धरावासा वाटला नाही? बरं. विचारलंत तर ऐका. पण अर्धं ऐकून उठायचं नाही.

सत्तर-शून्य. आपल्या मैदानावर, सगळे माजी विद्यार्थी बायकामुलांसह आलेले असताना, सेलाइन क्रीकच्या संघाकडून सत्तर-शून्य. सांगायला लाज वाटते का मला? नाही वाटत. गावाला वाटते. त्या शनिवारनंतर रविवारी उपासनेला लोक असे बसले होते, जणू कुणाचं प्रेत समोर ठेवलंय — एल्मफेल्डच्या मंडळीत चार आवाजांत गायचं वरदान आहे असं सगळं कॅन्सस म्हणतं, आणि त्या दिवशी खालचा पुरुषांचा सूर मला शोधूनसुद्धा सापडला नाही! आणि कोच? टेक्ससचा माणूस, आपल्या पंथाचा नाही, मोठ्याने हसणारा, मोठ्याने बोलणारा — तो मागच्या बाकावर एकटा बसला आणि दर स्तोत्र गायला. बेसूर. पण गायला. सोमवारी त्याने काय केलं ठाऊक आहे? दुसऱ्या गावांत असा सामना हरले की चेंडू मैदानात पुरतात, वर माती लोटतात, झालं, विसरले. आपलीही पोरं फावडं घेऊन आली होती. हा म्हणाला, फावडं ठेवा. याच भिंतीवर — तुमच्या मागच्या — त्याने त्या सगळ्या सामन्याची चित्रफीत लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि नियम एकच: प्रत्येकाने आपली चूक बोलायची, दुसऱ्याची नाही. अडीच तास! मी तिथे बटाटे सोलत होते. बंधू, मी सत्तर वर्षं प्रार्थनेला बसते आहे, पण इतकं निर्मळ पापनिवेदन मी या इमारतीत वरच्या मजल्यावरही ऐकलेलं नाही.

मग शेवटच्या वर्षाच्या तिघांनी आपण होऊन आपल्या जागा सोडल्या, पहिल्या वर्षाच्या पोरांना पुढच्या रांगेत उभं केलं. अहंकार सोडणं म्हणतात ते हेच ना? की ते फक्त प्रवचनात म्हणायचं? पहाटे सहाला ती पोरं सरावाच्या ढकलगाडीला खांदा लावतात, कोच स्वतः गाडीवर उभा राहतो, ओझं म्हणून. पुढचा सामना चौदाने हरलो. त्यापुढचा चारने. तुमच्या कागदावर काय लिहिलंय — तीनपैकी तीन पराभव? बरोबर आहे, खोटं नाही ते. पण सत्तर, चौदा, चार — हे उभारणं नाही तर काय आहे, सांगा बरं? तुमच्या वडिलांनी धान्याचं कोठार वादळानंतर पुन्हा बांधलं तेव्हा पहिल्या महिन्यात छप्पर होतं का त्याला? नव्हतं. मी पाहिलंय. कुणी त्यांना तीन आठवड्यांनी कागद घेऊन जाब विचारायला आलं नव्हतं.

आणि तुमचा खरा आक्षेप तो नाहीच. खरा आक्षेप कोचनी मंडळाला लिहिलेल्या पत्राला आहे, मला ठाऊक आहे — सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या शनिवारी सामना अजून शून्य-शून्य होता, सेलाइन क्रीकचा एक गडी पाय मुरगळून पडला, आणि आपला टोबियास — माझा नातू, हो — शेवटचा राखणदार, तो खेळ चालू असताना त्याच्यापाशी गुडघ्यावर बसला. त्याला पाहून आणखी दोघं थांबले. चेंडू पोटाशी धरलेला त्यांचा गडी शेजारून चालत गेल्यासारखा शेवटच्या रेषेपार गेला. तिथून सगळं ढासळलं. आणि कोचनी तुम्हाला लिहून दिलं की माणूस पडला तर थांबा, असं मीच शिकवलंय, मुलाने माझी आज्ञा पाळली, दोष माझा. यावर तुम्ही काय म्हणालात? की हा आपल्या पोरांना नेभळट करतोय! अहो, तुम्ही? आपल्या पूर्वजांनी तलवार धरायची नाही म्हणून तीन देश सोडले, गव्हाचं बी फडक्यात बांधून समुद्र ओलांडला — आणि एका पोराने पडलेल्या माणसासाठी चेंडू सोडला तर तुमच्या माना खाली जातात? प्रभूपुढे कोणत्या तोंडाने उभे राहाल? मग गवंडी आणा एखादा, आणि चर्चच्या दारावरचं ‘शांती’ खरवडून तिथे गुणफलक लावा!

हसलात. बरं झालं, माणूस आहात. कोचसुद्धा असेच हसतात, पोरं त्यांची नक्कल करतात तेव्हा. दर गुरुवारी, जेवण झालं की तो धाकटा उनरू खुर्चीवर चढतो, पोट पुढे काढतो, आणि त्या टेक्ससच्या लांबट बोलीत ओरडतो — “पोरांनोऽऽ, शिट्टी होईस्तोवर थांबायचं नाही! तुझी आजी मैदानात पडली तरी थांबायचं नाही! तिला शिट्टीनंतर उचल!” — आणि सगळी पोरं माझ्याकडे बघून खिदळतात. ऑगस्टपासून प्रत्येक सरावात हेच एक वाक्य, दिवसातून चाळीस वेळा, पोरांना झोपेतही ते—

कागद का उलटताय?

नाही, ती नुसती नक्कल. पोरं काय, वाटेल ते बोलतात. तसं नाही म्हणत कोच — म्हणजे म्हणतात, पण ते — थांबा. ते पत्र नका काढू. मला माहीत आहे त्यात काय आहे. आत्ता मीच तर सांगितलं तुम्हाला.

बंधू कॉफमन, आपण कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही. आपला साधा शब्दच पुरतो, असं आपण जगाला सांगत आलो. तेव्हा आता मी खोटं बोलणार नाही. नाही शिकवलं त्यांनी थांबायला. उलट शिकवलं. पत्रातलं ते वाक्य खरं नाही. लिहा.

पण पुढचंही लिहायचं. सामन्यानंतर दोन दिवस टोबियास माझ्या धान्याच्या खोलीत बसून होता — जेवण नाही, बोलणं नाही. तुमच्या माजी विद्यार्थ्यांचे त्याला येणारे शिव्यांचे निरोप मी वाचले आहेत, देवमाणसांचे निरोप, चर्चमध्ये माझ्या पुढच्या रांगेत बसणाऱ्यांचे. कॉलेज सोडतो म्हणाला. आणखी एक वाक्य म्हणाला, ते मी तुम्हाला सांगणार नाही. सोमवारी दुपारी कोच आले. माझं थंड आलुबुखाराचं सार त्यांनी तोंड वेडंवाकडं करत संपवलं, मग पोत्यावर त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “पत्र टाकून आलोय, बाळा. आता तू फक्त खेळायला ये.” बस. तासाभराने तो पोरगा हात धुऊन जेवायला बसला. तुम्ही उभारणी विचारत होता ना? ती तिथून सुरू झाली. माझ्या धान्याच्या खोलीतून.

जाताना म्हणाले, सेल्माबाई, आपल्या तिघांतच राहू दे. आणि मी राहू दिलं. मंडळीच्या सभेत बंधू गोरिंग तासभर त्यांना बोलत होते — परका, नेभळट, आपल्या मुलांची धार घालवली — आणि मी? मी तिथेच, तिसऱ्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. का? नातू वाचत होता म्हणून. एवढंच असतं तर मी स्वतःला क्षमा केली असती.

पण थांबायला त्याला शिकवलं कुणी, हे तुम्ही विचारलंच नाहीत. सभेतही कुणी विचारलं नाही. मी शिकवलं. टोबियास नऊ वर्षांचा होता. गव्हाची कापणी चालू, पश्चिमेकडून काळं वादळ चढत आलेलं, चार यंत्रं शेतात — आणि माझे यजमान, पीटर, बांधाशी पडले. सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या भावानेही पाहिलं, बंधू, दुसऱ्या यंत्रावर तोच होता. मी त्याला कधी बोलले नाही, आज बोलते. सगळे म्हणाले, पीटर जरा टेकलाय, ही ओळ संपवू, मग बघू. मीही जेवणाच्या गाडीपाशी उभी राहून तेच म्हणाले. एक ओळ, मग दुसरी. पाऊण तास. गहू सगळा कोठारात आला, एक दाणा भिजला नाही; पीटर मात्र पुन्हा उठले नाहीत. त्या दिवशी मी त्या पोराचा हात धरला आणि सांगितलं: माणूस पडला की थांबायचं. काही चालू असो. कुणी काही म्हणो. शेत जळालं तरी. त्याने ऐकलं, बंधू. दहा वर्षं ऐकलं, आणि नेमकं त्या शनिवारी मैदानावर पाळलं — आणि मी सभेत गप्प बसले, आणि एका परक्या माणसाने माझं बोलणं स्वतःच्या नावावर घेतलं.

आता पेन का खाली ठेवलंत? लिहा ना. सत्तर-शून्याला जबाबदार कोण, याचा शोध तीन आठवडे चाललाय, ती समोर उभी आहे. काढायचं तर मला काढा. या तळघरातून मला काढणं सोपं आहे, पगार नाही, करारपत्र नाही. पण त्या माणसाला काढलंत, तर निदान खरं कारण लावून काढा — की त्याने एका पोरासाठी खोटं लिहिलं, जे आपल्यापैकी एकाही खरं बोलणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

नाही, पश्चात्ताप नाही मला त्या शिकवण्याचा. पुन्हा शिकवीन. तो पुन्हा थांबला तर पुन्हा सत्तर होऊ देत.

मंडळाची बैठक चारला ना? या शेवटच्या दोन थाळ्या भट्टीत गेल्या की हात धुते आणि येते. नाही, तुम्ही माझ्या वतीने काही सांगायचं नाही. बाहेरच्यांना बैठकीत बोलायची मुभा नाही तेही मला माहीत आहे, तो नियम माझ्या सासऱ्यांनीच लिहिलाय. गाडीतूनही नको, चालत येईन. तुम्ही पुढे व्हा, आणि त्यांना एक खुर्ची जास्त मांडायला सांगा. जा.