लाइनीबाहेरची जागा

(सोलापूर. उन्हाळी सुट्टीतली मुलांची बास्केटबॉल स्पर्धा, अंतिम सामन्याचं मध्यंतर. निवृत्त क्रीडाशिक्षक जोतिराम सर, आणि आज पहिल्यांदाच पंच झालेली दहावीतली राहत.)

सर : हं, आता डोळे मीट. समज, तू पंच नाहीस. तू यजमान टीमचा नंदीश आहेस. बास्केटच्या मागच्या लाइनीबाहेर उभा आहेस, चेंडू हातात आहे, पाच सेकंदांत आत फेकायचाय. समोर बार्शीचा तो ताडमाड पोरगा हात पसरून उभा. काय दिसतंय?

राहत : त्याचे हात. आपला कुणी मोकळा दिसत नाही.

सर : आणि पंच दिसतोय?

राहत : ...नाही.

सर : का?

राहत : कारण मी त्याच्या पाठीमागं उभी होते.

सर : उघड डोळे.

राहत : पण सर, पाच सेकंद झालेच होते. मी मोजले की! शिट्टी बरोबर होती.

सर : बरोबरच होती. मीही इथून मोजत होतो. पण तुझं मोजणं दिसलं कुणाला? दर सेकंदाला हात असा सुटला पाहिजे. फेकणाऱ्याला दिसला पाहिजे, टेबलावरच्यांना दिसला पाहिजे. तुझा हात कुठं होता?

राहत : पोटाशी.

सर : का गं?

राहत : जागा कुठं होती, सर? लाइनीला लागून पाहुण्यांचा सोफा टाकलाय. हात सोडला असता तर त्या फेटेवाल्या आजोबांच्या नाकावर बसला असता. वर तेच म्हणतात, ‘ए पोरी, बाजूला हो, खेळ दिसंना.’

सर : आणि तू झालीस बाजूला.

राहत : झाले.

मल्लप्पा : सर! हितं हाय व्हय तुमी? सगळीकडं हुडकायलोय. ही पोरगी आता बास्केटखाली नको.

सर : या मल्लप्पा. स्पर्धा तुमची, मैदान तुमचं. आधी पाणी तरी प्या.

मल्लप्पा : पाणी ऱ्हाऊ द्या. माझ्या नातवाच्या, नंदीशच्या हातातला चेंडू काढून बार्शीवाल्यांना दिला हिनं. पाहुणे विचारायलेत, ही कोण पंच आणली म्हणून.

राहत : राहत बागवान, काका.

मल्लप्पा : लई बोलती की ही!

सर : ते मी शिकवलेलं नाही. घरचं आहे.

मल्लप्पा : असं करा. बास्केटखाली दुसऱ्या पंचाला, मायाप्पाला ठेवा, हिला मधल्या लाइनीवर. दोन्ही पंचांचं काम होतंय.

सर : तसं चालत नाही. चेंडू पलीकडं गेला की मायाप्पा मागचा पंच होतो आणि ही पळत तिकडच्या लाइनीवर पोचते. खेळ उलटला की पंचांच्या जागाही उलटतात. एकाच ठिकाणी कुणाला बांधून ठेवता येत नाही.

मल्लप्पा : मग टेबलावर बसवा, गुण लिवायला. पोरींचं अक्षर बी चांगलं असतंय.

राहत : माझं वाईट आहे. सरांना विचारा.

सर : फार वाईट आहे.

मल्लप्पा : चेष्टा न्हाय, सर. पाहुण्यांपुढं मान खाली जाती माझी.

सर : राहत, इकडं बघ. टेबलावर बसलीस तर मी रागावणार नाही. पहिलीच मॅच आहे तुझी. पण आज तिथं बसलीस, तर पुढच्या वेळी मी कितीही सांगितलं तरी लोक तुला टेबलच दाखवतील. ठरव तू.

राहत : एक विचारू? मी चेंडू हातात देईपर्यंत पाच सेकंद सुरू होत नाहीत ना?

सर : नाही.

राहत : घड्याळही बंद?

सर : बंद.

राहत : आणि लाइनीबाहेर किती जागा मोकळी लागते?

सर : दोन मीटर.

राहत : मग मी बास्केटखालीच उभी राहणार.

मल्लप्पा : आं? कुणाला विचारून?

राहत : विचारत नाही, काका. सांगतेय.

* * *

मल्लप्पा : सर, खेळ का थांबलाय? चेंडू कवाच बाहेर गेलाय.

सर : कुणाचा चेंडू?

मल्लप्पा : आमचाच की! नंदीश लाइनीबाहेर हात पुढं करून उभा हाय. ती देईना. काखेत मारून उभारलीय.

सर : काही म्हणतेय का?

मल्लप्पा : पाहुण्यांना म्हणती, ‘आजोबा, उठा, सोफा मागं घ्यायचाय.’ माझ्या पाहुण्यांना! तुमी सांगा की तिला.

सर : आज मी पंच नाही, मल्लप्पा. मला आत पाऊल टाकता येत नाही.

मल्लप्पा : अन् आमचा नंदीश काय ओरडायलाय?

सर : तुम्हालाच हाक मारतोय. ‘आज्जा, सोफा काढा की, आपला बॉल आहे!’

मल्लप्पा : ह्यो बी तिच्याच बाजूनं!

सर : पाहुणे उठले बघा.

मल्लप्पा : चिडलेत का?

सर : फेटा सावरतायत.

मल्लप्पा : ए, बघत काय बसलाय, उचला रे सोफा! ...हां. झालं. आता देईल.

सर : नाही देणार.

मल्लप्पा : का? सरकवला की!

सर : वीतभर.

मल्लप्पा : मग आता काय करायलीय ती?

सर : चेंडू या काखेतून त्या काखेत घेतला.