उघड्यावर ठेवलेलं काम

—विश्वास कोणीच ठेवला नाही हो माझ्यावर, तर तुम्ही काय ठेवाल. तुम्ही तर शर्टाला इस्त्री करून घ्यायला आलात. बसा. त्या स्टुलावर बसा, भिंतीला टेकू नका, चुना लागेल. शर्ट होईल. इस्त्री तापायला जरा वेळ लागतो, मला लागत नाही, एवढंच. तुम्ही म्हणालात, समोरच्या कॉलेजात पोरांना ओपन सोर्स शिकवायला आलोय, आणि मी म्हटलं, ते काय असतं ते मला ठाऊक आहे — तर तुम्ही हसलात. हसा. चौथीपर्यंत शाळा बघितलेली इस्त्रीवाली, तिला काय ठाऊक असणार. मला एवढंच ठाऊक आहे की मागल्या वर्षी तुमच्यासारखाच एक दाढीवाला सर आला होता, असाच शर्ट, छातीवर असंच चित्र, गोड बोलणं पण असंच — आणि त्यानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. आता का हसत नाही?

काय केलं म्हणजे काय. शिकवलं. ते शिकवून गेला, आणि ही घरी आली ती हवेतच. मी गठ्ठे सोडत होते, ही माझ्यामागं मागं — आई, ऐक ना, आई, ऐक ना. म्हणाली, आतापर्यंत आम्ही प्रोग्राम लिहायचो, बिघडला की रडायचो, कालचा चांगला होता तो कुठं गेला म्हणून. आता गिट म्हणून एक आहे, ते सगळं धरून ठेवतं — कोणी काय बदललं, कधी बदललं, का बदललं. मी म्हटलं, बरं आहे, घरात पण बसव एक, तुझ्या बापाला भांडणात कामाला येईल. हसली. हसायची तेव्हा. मग म्हणाली, आणि लिहिलेलं सगळं उघड्यावर ठेवायचं, जगात कोणालाही दिसेल असं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, वापरावं, सुधारावं, फक्त वर लिहिणाऱ्याचं नाव असतं ते काढायचं नाही. मी म्हटलं, बये, मी दोरीवर हातरुमाल टाकते तर दोन चिमटे लावते, आणि तू रात्रंदिवस खपून केलेलं रस्त्यावर मांडणार? म्हणाली, आई, तुला नाही कळायचं, ही लोकं वेगळी असतात. वेगळी. बघितली मी वेगळी.

तुमच्या शर्टाला बटण नाही एक, खालचं. असू द्या, आत जातं ते. — तर तिनं केलं काय, तर माझ्याच दुकानाचा प्रोग्राम. ती हॉस्टेलं आहेत ना मागं, त्यांचे गठ्ठे माझ्याकडं येतात, आणि रोज कोणाचा तरी मोजा हरवतो आणि माझ्या नावानं शिमगा. तर कोणाचं काय आलं, काय गेलं, काय राहिलं, ते तो प्रोग्राम बघायचा आणि कमी असलं की सांगायचा. गिऱ्हाइकांची खरी नावं मला माहीत नसतात, मी ठेवते ती नावं तिनं घातलेली — टकलू वकील, रडका डॉक्टर, एक खांदा खाली असलेले मास्तर. रडक्या डॉक्टरची हरवलेली पँट त्या प्रोग्राममुळं सापडली तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, पोरीला काहीतरी येतं. तोंडावर नाही म्हटलं. तोंडावर म्हटलं की पोरं बिघडतात. — पोरीला नाही म्हटलं तोंडावर, असं.

मग कॉलेजात तोच प्रोग्राम परीक्षेचं काम म्हणून द्यायचा होता. हिनं दिला, तर हेड सरांनी बोलावून घेतलं — हा तर वर्गातल्याच एका मुलानं आधीच दिलाय, जसाच्या तसा. माझा टकलू वकील सुद्धा त्याच्यात. वर नाव त्या मुलाचं. ही म्हणाली, सर, माझं उघड्यावर आहे, बघा, पहिल्या ओळीपासून कसं वाढत गेलं ते सगळं दिसतं. सर म्हणाले, त्या तारखा मागं-पुढं करता येतात, मला शिकवू नकोस. येतात का हो करता? — येतात. बघा. म्हणजे तेवढं तरी ते खरं बोलले. मी गेले ना भेटायला. धुतलेली साडी नेसून गेले, बाहेर बाकावर बसवलं मला, आत पंख्याखाली त्यांचा डबा चाललेला. मी म्हटलं, सर, माझी पोरगी चोरी करत नाही. ते म्हणाले, मग तो करतो असं म्हणा. मी म्हटलं, मी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, बाई, दोन माणसं एकच प्रोग्राम अक्षरानं अक्षर लिहीत नाहीत, दोघांतलं एक खोटं बोलतंय. मी म्हटलं, कोणी खोटं बोलत नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, तुम्हीच ठरवा आणि मग या. म्हणजे विश्वासच नाही. आणि ज्यानं आधी दिलं त्याचं धरलं. हिच्या नावापुढं लिहिलं, नक्कल, आणि परीक्षेला बसू दिलं नाही.

आता ती औषधांच्या गोदामात खोकी भरते. घरी येते, हातपाय धुते, भिंतीकडं तोंड करून निजते. मी विचारते, जेवलीस? हं. दमलीस? हं. एवढी बडबडी पोरगी, आणि एका अक्षरावर आली. या सत्राला परत घेतलं तर घेतलं, नाहीतर नाव कायमचं कमी, असं कारकुनानं सांगितलंय. म्हणून मी म्हणते की तुम्ही लोकांनी वाटोळं केलं. दार उघडं टाकायला तुम्ही शिकवता आणि चोर आला की तुम्ही दुसऱ्या गावी शिकवायला गेलेले असता. नसतं ठेवलं उघड्यावर तर त्यानं कुठनं घेतलं असतं?

काय? — नाही, तिथनं नाही घेतला. नेटवर शोधायला कशाला जाईल तो, एकाच कॉम्प्युटरवर तर दोघं —

थांबा, बाही राहिली.

बाहीला घाई करून चालत नाही, दुहेरी चुणी पडते. — काय बघताय असं? वर्गातलाच मुलगा म्हणाले ना मी, मग, आहे वर्गातलाच. एक वर्ष गेलं त्याचं वाया, म्हणून बहिणीच्या वर्गात आला. त्यात काय. हुशार आहे हो तो पण. आजारी असायचा लहानपणी, छाती भरायची, मी त्याला मांडीवर घेऊन बसून झोपायचे, आडवं केलं की खोकायचा. पोरगी तेव्हा तान्ही, ती रडून रडून आपली आपणच गप व्हायची. तिला सवयच आहे. — आणि तो दुसरा शर्ट, तुमच्यासारखाच, घडी घालून ठेवलेला, तो बघताय ना मघापासून? तो त्याचाच. सकाळीच करून ठेवला मी, कडक. हेड सरांनी निवडलाय त्याला, आज तुमच्या कार्यक्रमात पोरांपुढं आपलं काम दाखवायला. त्यातनं चांगली असतील त्यांना तुम्ही तुमच्याकडं कामाला घेणार म्हणे. खरं आहे का? — हं. खरंच आहे.

तो म्हणाला होता, आई, तिचा अजून पुरा झाला नव्हता, ती चुकाच शोधत बसली होती, मी नुसता देऊन टाकला. वरची नावाची ओळ बदलली आणि मागचं ते सगळं धरून ठेवलेलं पुसून टाकलं, दोन मिनिटांचं काम. मला म्हणाला, तिला काय, ती दुसरा लिहील. आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं. ती लिहील दुसरा. तो कुठनं लिहील? — तिनं मला एकदाच विचारलं. आई, तू सरांपुढं काय बोललीस? मी म्हटलं, तू चोरी करत नाहीस म्हटलं. म्हणाली, आणि? मी म्हटलं, आणि काय. तिथनं पुढं हं.

तुम्ही काय शोधताय मोबाइलमध्ये? तिचा प्रोग्राम? मिळाला? दाखवा. मला वाचता येतं, इंग्रजी येत नाही एवढंच. हे तिचं नाव ना वर? हे बारीक बारीक काय? — हां, ते माहीत आहे मला, तेव्हाच सांगितलं होतं तिनं, नाचत नाचत. कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस, त्याचीही धोब्याचीच भट्टी आहे, त्यानं हिचा प्रोग्राम घेतला, वापरला, त्यातली एक चूक दुरुस्त करून हिला परत पाठवली, वर आभार. ना ओळख ना पाळख. त्यानं नाव तसंच ठेवलं हिचं? — ठेवलं. बघा आता. समुद्रापलीकडच्या भट्टीवाल्यानं ठेवलं आणि इथं एका ताटातल्यानं खोडलं.

काय म्हणालात? सावकाश सांगा. — तिच्या तारखा तिला बदलता येतात, पण त्या माणसानं पाठवलेल्याची तारीख तिच्या हातात नाही. हे सगळं जिथं उघड्यावर ठेवतात त्या कंपनीच्या मशीनवर ती पडलेली आहे. आणि ती तारीख परीक्षेत काम द्यायच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे तिचंच. म्हणजे हेड सरांना हे नाकारता येणार नाही. — मग त्या दाढीवाल्यानं तिला हे का नाही सांगितलं? तिला तरी का नाही सुचलं? — सुचलं असेल. खरंय तुमचं, तिला सुचलं असेलच. तिला सगळं सुचतं. माझ्या तोंडून येतं का बघत बसली असेल. येडी.

आता तुम्ही मला विचारताय की कार्यक्रमातनं कोणाला काढायचं. तीन पोरं आहेत म्हणता दाखवणारी, कोणाचा कुठला प्रोग्राम ते तुम्ही अजून बघितलं नाही. बघाल ना तासाभरात, टकलू वकील दिसेलच की. मला कशाला विचारता? मी आई आहे, पोलीस नाही. — हं. नाही, बरोबर आहे. तुम्ही पकडलात तर तो सगळ्या वर्गासमोर चोर ठरेल. मी सांगितलं तर आधी बाजूला घेऊन बोलाल. हे तुम्ही चांगुलपणानं म्हणताय की मला पेचात धरताय, ते मला कळत नाही. शिकलेली माणसं दोन्ही एकाच तोंडानं करतात.

बाप नुसता म्हणेल, घरातलं घरात ठेवायचं होतंस. घरातलं घरातच ठेवलं मी वर्षभर. घरात काय झालं? एक भिंतीकडं तोंड करून निजते, आणि दुसरा आरशापुढं उभा राहून भाषण पाठ करतो, हा प्रोग्राम मला कसा सुचला म्हणून. परवा रात्री ती निजलेली, आणि तो म्हणत होता, माझी आई इस्त्री करते, तिचे कष्ट बघून मला हा सुचला. चांगलं बोलत होता हो. मला रडू आलं ऐकून. आणि बघते तर पोरगी जागी, डोळे उघडे, भिंतीकडं.

घ्या तुमचा शर्ट. हँगर नेऊ नका, माझा आहे. पैसे राहू द्या, परत याल तेव्हा द्या, नाही आलात तरी चालेल. हेड सरांना म्हणावं, त्या बाईनं ठरवलं. आणि पोरीला काही विचारायला जाऊ नका, ती तुम्हाला पण हं म्हणेल — तिला परीक्षेला बसवा, बोलेल ती मग. यादीतलं नाव मला माहीत नाही तुम्ही कुठलं लिहिलंय, कॉलेजात सगळे त्याला मी हाक मारते त्याच नावानं ओळखतात. निघा आता, गिऱ्हाईक आलं माझं. लिहून घ्या.

सोन्या.