बाजेभवतीची हद्द

आष्टीच्या जनावरांच्या दवाखान्यात शिवकन्या शेळी घेऊन बसली होती. शेजारी आसराबाई आपला कुत्रा धरून बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे म्हातारे, कारभारी, डॉक्टरला विचारून बाहेर आले.

"काय म्हनले डाक्टर?"

"टेरिटोरियल हाय म्हनले."

"अवो, आपला ल्योक बिभीषण बी टेरिटोरियलमधीच हाय की!"

"ती फौज, आसरा. ह्यो आपली हद्द राखतो म्हनले, दुसऱ्याला येऊ देत न्हाई."

"मेंढरं इकल्यापून ह्याला कुठली आलीय हद्द?"

"तेच तर. आता वसरीवर कुनालाच येऊ देईना. सून म्हनती, लांब नेऊन सोडा."

"वसरीवर न्हाई वो. माझ्या बाजंजवळ. तुमी रानात गेले की मी एकटीच पडून ऱ्हाते, तवा हा बाजंभवती फिरत ऱ्हातो."

कारभाऱ्यांनी कुत्र्याकडं बघितलं.

"मंग सुनेला काय सांगू?"

"माझी बाज गोठ्यात टाका म्हनावं. तिची वसरी मोकळी व्हईल."

"तुझी एकटीचीच?"

"तुमाला हा येऊ देईल का पर?"

कारभाऱ्यांनी वाकून कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला.

"काय रे, देशील ना?"